सहमालक गेल्यावर: नाव कमी करण्याआधी हिस्सा मोजा

तलाठी कार्यालय असो की सोसायटीचे ऑफिस, मृत्यूचा दाखला पुढे करणारा माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो: ‘यांचं नाव कमी करून द्या.’ गोंधळाची सुरुवात तिथेच होते. नाव नुसते कमी होत नसते, मयताच्या जागी त्याचे वारस येत असतात. घर दोघांच्या नावावर होते, एक गेला, म्हणून उरलेला आपोआप पूर्ण मालक होत नाही. मयताचा जेवढा हिस्सा होता तेवढाच हलतो आणि तो वारसांकडे जातो. उरलेला सहमालक स्वतः वारस असेल तर त्यालाही त्यातला वाटा मिळतो, पण तो वारस म्हणून.

‘मागे राहील तो पूर्ण मालक’ असे खरेदीखतात स्पष्ट लिहिलेले असेल तर गोष्ट वेगळी. असे कलम आपल्याकडच्या खरेदीखतांत क्वचितच सापडते, तरी एकदा खत काढून वाचा. बँक खात्यावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो) असते, म्हणून घरालाही तोच नियम लागतो असे समजू नका. खात्यावरच्या त्या शब्दांनीसुद्धा पैसे कोणाच्या हातात द्यायचे एवढेच बँकेपुरते ठरते, अंतिम मालकी ठरत नाही.

पुढची माहिती महाराष्ट्रातल्या मिळकतींसाठी आहे. हिश्श्यांचे गणित हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मांडले आहे. तो बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू होतो. मुस्लिम कुटुंबात वैयक्तिक कायद्याप्रमाणे आणि ख्रिश्चन व पारशी कुटुंबांत १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे हिस्से पडतात. त्यांनी तिसऱ्या पायरीचे गणित आपापल्या कायद्याने करावे. नोंदींचा क्रम सगळ्यांना सारखाच.

पायरी १: कागद गोळा करा आणि नावे जुळवा

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. दाखल्याच्या पाच-सहा प्रती सुरुवातीलाच काढून ठेवा. प्रत हातात आली की पहिले काम नाव तपासण्याचे. खरेदीखतात ‘दत्तात्रय’, सातबारावर ‘दत्तू’ आणि दाखल्यावर ‘दत्ता’ असेल तर प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न येणार. दाखल्यातली चूक लगेच दुरुस्त करून घ्या. जुन्या कागदांतल्या नावांसाठी ‘ही सगळी नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

सोबत हे कागद लागतील: मूळ खरेदीखत आणि त्याचा इंडेक्स-२ (दस्त नोंदणीचा गोषवारा), चालू सातबारा व ८अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) किंवा मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), फ्लॅट असल्यास शेअर सर्टिफिकेट आणि नामनिर्देशनाची (नॉमिनेशनची) पोच, कर्ज असल्यास त्याचे खाते उतारे, आणि मृत्युपत्र असल्यास ते. मृत्युपत्र निघाले तर मयताच्या हिश्श्याचे वाटप त्याप्रमाणे होते. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाचे शिक्कामोर्तब, लागेल का, हे वकिलाला त्याच आठवड्यात विचारा, सहा महिन्यांनी नको.

तपासा: कर्जाला विमा जोडलेला होता का? हप्त्यांच्या गडबडीत हा विमा विसरला जातो आणि वारस विनाकारण हप्ते भरत राहतात. उरलेला सहमालक सहकर्जदारही असेल तर कर्जाची पूर्ण जबाबदारी त्याच्यावर राहते. इतर वारसांवर ती मयताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते.

पायरी २: मयताचा हिस्सा नेमका किती होता ते ठरवा

खरेदीखतात टक्केवारी लिहिलेली असेल तर ती घ्या. नसेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ४५ पाहावे लागते. सामाईक पैशातून घेतली असेल तर हिस्से त्या पैशातल्या वाट्याप्रमाणे, प्रत्येकाने स्वतःचे वेगळे पैसे घातले असतील तर घातलेल्या पैशाप्रमाणे, आणि कोणी किती घातले याचा पुरावा नसेल तर सारखे. म्हणून हप्ते कोणाच्या खात्यातून गेले याचे उतारे जपून ठेवावेत.

दुसरा प्रश्न असा: ही मिळकत स्वकष्टार्जित, की वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची? आजोबांकडून आली म्हणजे वडिलोपार्जित, असे सरसकट म्हटले जाते. ते बरोबर नाही. आजोबांच्या स्वतःच्या मालकीची मिळकत १९५६ नंतर वारसाहक्काने वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत ठरते, नातवाचा तिच्यात जन्मापासून हक्क नसतो. खरोखर एकत्र कुटुंबाची मिळकत असेल तर ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीमुळे मुलगीही मुलाइतकीच सहदायाद, म्हणजे जन्मापासून हिस्सेदार, आहे. त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. अशा मिळकतीत मृत्यूच्या आधी वाटणी झाली असे धरून, म्हणजे काल्पनिक वाटणी मांडून, मयताचा हिस्सा काढावा लागतो. हे गणित घरी बसून करू नका, दिवाणी वकिलाकडे जा.

पायरी ३: वारस मोजा, अपूर्णांकात

खरी चूक इथे होते, म्हणून सावकाश जाऊ.

पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर पहिल्या वर्गातले वारस एकाच वेळी घेतात: विधवा, मुलगे, मुली आणि आई, प्रत्येकाला एकेक वाटा. आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची शाखा मिळून एक वाटा घेते. वडील पहिल्या वर्गात येत नाहीत, भाऊही येत नाहीत.

समजा, नवरा-बायकोच्या नावावर निम्मा-निम्मा फ्लॅट आहे. नवरा वारला. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि त्याची आई. हलणारा हिस्सा १/२. त्याचे चार वाटे, प्रत्येकी १/८. आता बायकोचे स्वतःचे १/२ आणि वारशाचे १/८ मिळून ५/८ झाले. मुलगा १/८, मुलगी १/८, सासूबाई १/८.

इथवर बरेच जण येतात. पुढे दोन वर्षांनी सासूबाई जातात आणि सगळे समजतात की त्यांचा वाटा ‘घरातच’ राहिला. तो राहत नाही. स्त्री मृत्युपत्र न करता वारली तर तिचे पहिले वारस म्हणजे तिची मुले, आधी वारलेल्या मुलांची मुले, आणि नवरा. सासूबाईंचे यजमान आधीच गेलेले, आणि त्यांना या वारलेल्या मुलाशिवाय आणखी एक मुलगा व एक मुलगी आहे असे धरा. त्यांच्या १/८ चे तीन भाग होतात, प्रत्येकी १/२४. एक भाग दिराला, एक नणंदेला. तिसरा वारलेल्या मुलाच्या दोन मुलांमध्ये, म्हणजे प्रत्येकी १/४८. सुनेला त्यात काहीच नाही, कारण आधी वारलेल्या मुलाची विधवा त्या यादीत येत नाही.

४८ भागांत मांडले तर बायको ३०, मुलगा ७, मुलगी ७, दीर २, नणंद २. बेरीज ४८. ज्या फ्लॅटला सगळी सोसायटी ‘वहिनींचा फ्लॅट’ म्हणते, त्याच्या विक्रीखतावर आता दीर आणि नणंदेच्याही सह्या लागणार. सासूबाई हयात असताना त्यांनी सुनेच्या किंवा नातवंडांच्या नावे मृत्युपत्र केले असते, किंवा नोंदणीकृत दस्ताने हक्क सोडला असता, तर ही वेळ आली नसती.

उलट बाजूचीही एक चूक आहे. तीन भावांनी मिळून जमीन घेतली, मधला निपुत्रिक वारला, आई आधीच गेलेली. उरलेले दोघे भाऊ म्हणतात, जमीन आता आमची. नाही. त्याची विधवा पहिल्या वर्गातली वारस आहे आणि भाऊ दुसऱ्या वर्गातले. पहिल्या वर्गात एक जरी वारस असेल तरी दुसऱ्या वर्गाला काही मिळत नाही. तो पूर्ण १/३ विधवेचा.

सावधान: वंशावळीतून कोणाला वगळू नका. लग्न होऊन गेलेली मुलगी, परगावी किंवा परदेशी असलेला मुलगा, बोलणे बंद असलेला भाऊ, सगळे घ्या. पहिले लग्न कायम असताना झालेल्या दुसऱ्या लग्नाची पत्नी वारस ठरत नाही, पण त्या लग्नाच्या मुलांना वडिलांच्या हिश्श्यात वाटा आहे. हे नाव लपवले की कागद तेवढ्यापुरता सोपा होतो आणि दहा वर्षांनी तोच कागद कोर्टात उघडतो.

तपासा: सगळ्या अपूर्णांकांची बेरीज १ येते का? येत नसेल तर पुढच्या पायरीला जाऊ नका.

पायरी ४: योग्य दाखला मागा

‘वारस दाखला’ या एका शब्दाखाली लोक वेगवेगळे कागद धरतात आणि भलत्यासाठी अर्ज करून बसतात.

उत्तराधिकार प्रमाणपत्र १९२५ च्या कायद्याखाली न्यायालय देते आणि ते येणी व रोख्यांसाठी असते: ठेवी, शेअर, थकीत रक्कम. जमीन किंवा घरासाठी ते नाही. स्थावर मिळकतीसाठी महाराष्ट्रात न्यायालयाकडून वारस प्रमाणपत्र घेतात, तेही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली. आणि तलाठ्याच्या चौकशीवरून होणारी सातबारावरची वारस नोंद ही तिसरीच गोष्ट. ती महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम निवाडा नाही.

वाद नसेल तर शेतजमिनीला न्यायालयाच्या दाखल्याची गरज सहसा पडत नाही. वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ यावर काम होते. वाद असेल, किंवा सोसायटी वा बँक अडून बसली असेल, तरच न्यायालयात जा.

पायरी ५: वारस नोंद करा

*शेतजमीन.* जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. उशीर झाला म्हणून नोंद नाकारली जात नाही, पण उशिराने नवे मृत्यू आणि नव्या सह्या वाढतात. अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ‘ई-हक्क’ प्रणालीतून ऑनलाइन करता येतो. चौकशी होऊन वारसांची नावे आधी गाव नमुना ६क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत येतात. मग नमुना ६ मध्ये फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारावर नावे चढतात. फेरफार कुठवर आला ते ‘आपली चावडी’वर पाहता येते.

या टप्प्यावर तीन गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा.

पहिली, बहिणींचा जबाब. ‘आम्हाला हिस्सा नको’ असे साध्या कागदावर लिहून घ्यायचे आणि त्यांची नावे न लावताच नोंद करायची, ही जुनी खोड अजून गेलेली नाही. स्थावर मिळकतीतला हक्क असा जबाब देऊन सुटत नाही, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो. आधी नावे लागू द्या, सोडायचे ते नंतर सोडतील.

दुसरी, रकाना. जुन्या फेरफारांत मुलींची नावे ‘इतर हक्क’ या सदरात टाकलेली दिसतात. वारस म्हणून आलेल्या मुलीचे नाव भोगवटादार सदरीच, म्हणजे जमीनधारकांच्या रकान्यातच, यायला हवे.

तिसरी, ‘ए.कु.मॅ.’ आणि ‘अ.पा.क.’ ही अक्षरे. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून एकट्या थोरल्याचे नाव लागले की बाकीच्यांचा हक्क उताऱ्यावर दिसेनासा होतो. हक्क जात नाही, पण तो सिद्ध करण्याचे ओझे अंगावर येते. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या नावापुढे पालनकर्ता म्हणून आईचे नाव असेल, तर तो सज्ञान झाल्यावर ती नोंद कमी करून घ्यायला विसरू नका.

चुकीची नोंद प्रमाणित झाली तर कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करता येते. नुसती लेखनातली चूक असेल तर कलम १५५ खाली दुरुस्ती होते, तिला अपील लागत नाही.

*गावठाण किंवा शहरातली जागा.* जिथे मिळकत पत्रिका आहे तिथे नोंद नगर भूमापन कार्यालयात होते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा घरपट्टीची पावती हा कर आकारणीचा कागद आहे. तिथे नाव लागले म्हणून मालकी लागली असे नाही, आणि तिथे नाव नाही म्हणून ती जातही नाही.

*सोसायटीतला फ्लॅट.* नामनिर्देशित व्यक्तीने सहा महिन्यांत अर्ज करावा. नामनिर्देशन नसेल तर सोसायटी सूचना फलकावर आणि किमान दोन स्थानिक वर्तमानपत्रांत नोटीस देऊन दावे-हरकती मागवते. वारसाकडे हस्तांतरण होताना प्रीमियम, म्हणजे सोसायटीचे हस्तांतरण शुल्क, घेता येत नाही. कोणी मागितला तर उपविधी दाखवा.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज काही केल्या हटत नाही. सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेता येते. तो इतर वारसांच्या वतीने सांभाळणारा विश्वस्त असतो. वारस ठरवायचे कागद म्हणजे मृत्युपत्र, न्यायालयाचे प्रमाणपत्र किंवा सर्व वारसांनी केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त.

सावधान: काही कमिट्या माणुसकी म्हणून नुसत्या मृत्यूच्या दाखल्यावर शेअर सर्टिफिकेटवरचे पहिले नाव खोडून दुसरे वर आणतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. विक्रीच्या वेळी खरेदीदाराचा वकील विचारतो, ‘पहिल्या नावाचा हिस्सा कोणत्या दस्ताने आला?’ आणि उत्तर नसते.

पायरी ६: हक्कसोड किंवा वाटणी

सगळ्या वारसांची नावे लागली की मग हा प्रश्न घ्या. हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला द्यावा लागतो. वारशाने आलेल्या मिळकतीत जवळच्या नात्यात हक्क सोडताना मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये.

पण ही सवलत वारशाने आलेल्या वाट्यासाठी आहे. वरच्या उदाहरणातल्या बायकोला आपले सगळे ५/८ मुलीला द्यायचे असेल, तर त्यातले १/८ वारशाचे आहे आणि १/२ तिने स्वतः विकत घेतलेले. दोन्ही एकाच हक्कसोडपत्रात कोंबले तर मुद्रांक कमी भरल्याचा शेरा येऊ शकतो. विकत घेतलेल्या भागासाठी बक्षीसपत्राचा विचार करा आणि शुल्काचा आकडा दुय्यम निबंधक कार्यालयात आधी काढून घ्या.

दस्तात दोन गोष्टी नेमक्या लिहा: किती हिस्सा सोडला आणि कोणाच्या लाभात सोडला. ‘माझा हक्क सोडत आहे’ एवढेच लिहिले की तो एका भावाला गेला की सगळ्यांना, यावर पुढची पिढी भांडते.

अज्ञान मुलाच्या वतीने हक्कसोड करू नका. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मुलाची स्थावर मिळकत हस्तांतरित करायला न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. आईने सही केली म्हणून चालत नाही. मूल सज्ञान झाल्यावर असा व्यवहार रद्द करून मागू शकते.

शेतजमिनीची वाटणी सगळ्यांच्या संमतीने होणार असेल तर संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज हा सोपा रस्ता आहे. वाटप सरस-निरस मानाने, म्हणजे जमिनीचा चांगला-वाईटपणा पाहून, करा: विहिरीजवळचा तुकडा आणि माळाचा तुकडा क्षेत्राने सारखे असले तरी किमतीने सारखे नसतात. वाटेचा आणि पाण्याचा हक्क शब्दांत लिहा. सहमती नसेल तर दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा.

वाटणी होईपर्यंत कोणताही सहहिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो, त्याला इतरांच्या संमतीची गरज नाही. मात्र राहत्या कौटुंबिक घरात बाहेरच्या खरेदीदाराला सामाईक ताबा मागता येत नाही, आणि वारसांपैकी एक जण विकायला निघाला तर बाकीच्या वारसांना तो हिस्सा आधी घेण्याचा हक्क आहे. म्हणून ‘भाऊ परस्पर विकेल’ या भीतीने वारस नोंद अडवू नका. तुमचा घेण्याचा हक्क वारस म्हणून आहे, आणि तो दाखवायला नोंद उपयोगी पडते.

पायरी ७: उरलेल्या नोंदी

वीज मीटर, पाणीपट्टी, घरपट्टी, सोसायटीचे देखभाल बिल. हे सगळ्यात शेवटी, आणि यात फारसे अडत नाही. मीटर आधी बदलून ‘नाव लागले’ असे समाधान मानणारे बरेच भेटतात.

एकापाठोपाठ दोन-तीन मृत्यू झाले असतील तर

सातबारावर अजून आजोबांचे नाव आहे, वडील आणि आजीही गेले, अशी उदाहरणे इतकी होती की २०२५ मध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवावी लागली. अशा वेळी सगळ्यांचा मिळून एकच अर्ज ढकलून आजोबांच्या जागी थेट नातवंडांची नावे लावण्याचा मोह होतो. तसे करू नका. प्रत्येक मृत्यू तारखेच्या क्रमाने घ्या, कारण वारस कोण हे त्या त्या मृत्यूच्या दिवशी ठरते. आजोबा १९९१ ला आणि आजी २००९ ला गेली असेल, तर १९९१ ला आजीला वाटा मिळाला होता आणि २००९ ला तो तिच्या सगळ्या मुला-मुलींकडे गेला. मधली पायरी गाळली की आत्यांचे हिस्से चुकतात.

कोऱ्या कागदावर डावीकडे मृत्यूच्या तारखा लिहा, प्रत्येक तारखेसमोर त्या दिवशी हयात असलेल्या वारसांची नावे आणि अपूर्णांक. तो कागद घेऊनच तलाठ्याकडे जा.